कर्करोगाच्या उपचारात उपशामक सेवेचा अंतर्भाव : दिंडोरी तालुक्याच्या संदर्भात

प्रस्तावना

नाशिकहून दिंडोरीकडे येणाऱ्या रस्त्यावर म्हसरूळ येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची वास्तू लागते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी राज्यातील आधुनिक वैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या इत्यादी शाखांची महाविद्यालये संलग्न आहेत. याच रस्त्याने दिंडोरी, वणी, ननाशी या परिसरातील कर्करुग्ण उपचारासाठी शहरात जातात आणि याच रस्त्याने परत येतात. परतणाऱ्या रुग्णांचे ढोबळमानाने दोन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गातील रुग्णाला केमोथेरपीची किंवा किरणोपचाराची पुढील तारीख मिळालेली असते. दुसऱ्या वर्गातील रुग्णाच्या नातेवाईकांना 'आता घरी न्या, सेवा करा' एवढेच सांगितलेले असते. सेवा करा म्हणजे नेमके काय करा, कोणती गोळी किती वाजता द्या, जखम कशाने धुवा, रात्री दोन वाजता कळ उठली तर कोणाला बोलवा, याविषयी फाईलमध्ये बहुधा एकही ओळ नसते.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १४ लाख नवे कर्करुग्ण आढळतात आणि सुमारे ९ लाख रुग्ण दगावतात. रोग पसरल्यानंतरच तपासणीस येणाऱ्यांचे प्रमाण आपल्याकडे मोठे आहे. अशा परिस्थितीत वरील दुसऱ्या वर्गातील रुग्णाला अपवाद मानून चालत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू उपशामक सेवा म्हणजे काय हे स्पष्ट करणे आणि ती कर्करोगाच्या उपचारात केव्हा व कशी गुंफावी याचा दिंडोरी तालुक्याच्या अंगाने विचार करणे हा आहे. दुसऱ्या वर्गातील रुग्णाच्या हालांचे मूळ तो पहिल्या वर्गात असतानाच्या काळात असते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

संकल्पना आणि संज्ञा

'पॅलिएटिव्ह केअर' या संज्ञेसाठी मराठीत उपशामक सेवा, परिहारक सेवा, वेदनाशामक सेवा असे अनेक प्रतिशब्द वापरले जातात. 'वेदनाशामक' हा शब्द अपुरा वाटतो, कारण धाप, मळमळ, बद्धकोष्ठता, निद्रानाश, भीती, कर्ज आणि 'माझ्याच वाट्याला हे का?' हा प्रश्न या सर्वांचा तीत समावेश होतो. म्हणून येथे 'उपशामक सेवा' हा शब्द योजला आहे. लंडन येथे १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापन करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशा चार अंगांनी मिळून होणाऱ्या 'समग्र वेदने'ची कल्पना मांडली. कॅनडातील शल्यचिकित्सक बॅल्फर माउंट यांनी १९७० च्या दशकात या सेवेला तिचे आजचे इंग्रजी नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या व्याख्येत ही सेवा आजाराच्या आरंभीच्या काळापासून, केमोथेरपी व किरणोपचार यांसारख्या उपचारांबरोबरच द्यावी, असे स्पष्टपणे म्हटले आहे.

ही दृष्टी आपल्या परंपरेला परकी नाही. आयुर्वेदाने व्याधींचे साध्य आणि असाध्य असे दोनच कप्पे केले नाहीत. या दोहोंच्या मध्ये 'याप्य' हा वर्ग मानला. याप्य व्याधी समूळ जात नाही, परंतु उपचार चालू असेपर्यंत आटोक्यात राहते. सुश्रुताने यासाठी कोसळू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूची उपमा दिली आहे. टेकू घर पडल्यावर लावत नाहीत. भिंत कलल्याचे दिसताच लावतात. आज कर्करोगाच्या क्षेत्रात नेमके याच्या उलट घडते.

प्रश्न वेळेचा

मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने 'शांती अवेदना' हे भारतातील पहिले हॉस्पिस उभे राहिले. पुण्याजवळ वारजे येथे १९९७ मध्ये सिपला उपशामक सेवा व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. १९४१ पासून कार्यरत असलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१२ मध्ये उपशामक वैद्यकाचा एम.डी. अभ्यासक्रम सुरू झाला. या संस्थांचे ऋण मोठे आहे. परंतु हॉस्पिस ही स्वतंत्र वास्तू असल्यामुळे समाजाच्या आणि काही अंशी डॉक्टरांच्याही मनात एक समजूत पक्की झाली, की उपचार एका इमारतीत होतात आणि ते संपले की रुग्ण दुसऱ्या इमारतीत जातो. दिंडोरीसारख्या तालुक्यात ती दुसरी इमारत नसतेच. तेव्हा येथे उपचार संपणे आणि सर्वच संपणे यांत फरक उरत नाही.

या समजुतीला पहिला भक्कम शास्त्रीय धक्का २०१० मध्ये बसला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जेनिफर टेमेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे कर्करोग-उपचार दिले. दुसऱ्या गटाला तेच उपचार आणि निदानानंतर आठ आठवड्यांच्या आत सुरू केलेली उपशामक सेवा दिली. दुसऱ्या गटातील रुग्णांचे जीवनमान अधिक चांगले राहिले. त्यांच्यात नैराश्याची लक्षणे १६ टक्के, तर पहिल्या गटात ३८ टक्के आढळली. अखेरच्या दिवसांत निष्फळ ठरणारे आक्रमक उपचार त्यांनी कमी घेतले. आणि तरीही त्यांचे मध्यांक आयुर्मान ११.६ महिने, तर पहिल्या गटाचे ८.९ महिने होते. ही एकाच संस्थेतील, एकाच प्रकारच्या कर्करोगाची पाहणी होती आणि आयुर्मान वाढल्याचा अनुभव पुढील सर्व अभ्यासांत आलेला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु उपशामक सेवा लवकर सुरू केली तर रुग्ण खचतो व लवकर जातो, या भीतीला तिने आधार ठेवला नाही. पुढे अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या संस्थेने २०१२ मध्ये आणि अधिक ठामपणे २०१६ मध्ये, पसरलेल्या कर्करोगात उपशामक सेवा उपचारांबरोबरच द्यावी अशी शिफारस केली.

अंतर्भाव म्हणजे काय, हे किरणोपचाराच्या एका उदाहरणावरून अधिक स्पष्ट होईल. कर्करोग हाडात पसरला की असह्य वेदना होतात. त्या शमविण्यासाठी दहा दिवस थोडे थोडे किरण देता येतात किंवा ८ ग्रे इतकी मात्रा एकाच वेळी देता येते. वेदनाशमनाच्या दृष्टीने दोन्ही पद्धतींचा परिणाम जवळजवळ सारखा असल्याचे अनेक चाचण्यांत दिसले आहे. एकाच मात्रेनंतर पुन्हा किरण देण्याची वेळ थोडी अधिक वेळा येते, इतकेच. नाशिक शहरात राहणाऱ्याला हा भेद किरकोळ वाटेल. ननाशीच्या पलीकडील पाड्यावरून येणाऱ्या, कूस बदलतानाही विव्हळणाऱ्या रुग्णाला मात्र दहा फेऱ्या आणि एक फेरी यांतील अंतर फार मोठे आहे. किरणोपचाराचा निर्णय घेताना रुग्णाचे गाव विचारणे हीसुद्धा उपशामक सेवाच होय.

वेदनेची भाषा आणि मॉर्फिन

वेदना मोजण्यासाठी वैद्यकात शून्य ते दहा अशी मोजपट्टी वापरतात. आपल्याकडील वृद्ध रुग्ण या मोजपट्टीपुढे अनेकदा गोंधळतो. तोच रुग्ण 'गोळीने आठ आणे फरक पडला' किंवा 'चार आण्याचं दुखणं राहिलं' असे सहज सांगतो. रुपयाचे सोळा आणे ही मोजपट्टी व्यवहारातून जाऊन सहा दशके उलटली, तरी बोलीत ती शाबूत आहे. रुग्णाला नवी मोजपट्टी शिकविण्यापेक्षा डॉक्टरांनी ही जुनी वापरणे अधिक सोपे, असे वाटते.

वेदनेसाठी मराठीत असलेले शब्दही निदानाला उपयोगी आहेत. 'ठणका' बहुधा सुजेकडे किंवा पू झाल्याकडे बोट दाखवितो. 'कळ येऊन जाते' असे रुग्ण म्हणतो तेव्हा आतड्यासारख्या पोकळ अवयवाचा विचार करावा लागतो. 'आग होते', 'मुंग्या येतात', 'झिणझिण्या येतात', 'करंट बसल्यासारखं होतं' हे शब्द मज्जातंतूला इजा झाल्याचे सुचवितात, आणि अशा वेदनेला केवळ मॉर्फिन वाढवून पुरेसा उतार पडत नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिनसारखी औषधे जोडावी लागतात. तालुक्याच्या पश्चिम भागातील कोकणा व महादेव कोळी समाजातील रुग्णांच्या बोलीत याहून निराळे शब्द असतील. त्यांचा संग्रह हे मराठी आणि वैद्यक या दोन्ही विषयांचे काम आहे. बहुविद्याशाखीय संशोधनाचा एरवी पुष्कळ उच्चार होतो. येथे त्याला खरा वाव आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये वेदनाशमनाची तीन पायऱ्यांची शिडी मांडली. सौम्य वेदनेसाठी पॅरासिटामॉलसारखी औषधे, मध्यम वेदनेसाठी कोडीनसारखी, आणि तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन. त्याहून महत्त्वाचे तत्त्व वेळेचे आहे. दुखू लागल्यावर गोळी हा आपला नेहमीचा व्यवहार. कर्करोगाची वेदना सततची असल्यामुळे औषधही घड्याळाप्रमाणे द्यावे लागते. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती दर चार तासांनी देतात. झोपमोड टाळण्यासाठी रात्री निजताना दुप्पट मात्रा देण्याची पद्धत आहे. सुरुवातीचे काही दिवस मळमळ व गुंगी येऊ शकते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून मॉर्फिनबरोबर सारक औषध पहिल्या दिवसापासून लिहावेच लागते. मूत्रपिंडे अशक्त असतील तर मात्रा जपून ठरवावी लागते. वेदनेसाठी योग्य मात्रेत मॉर्फिन घेणारा कर्करुग्ण व्यसनी बनण्याचा धोका फार थोडा असतो, आणि प्रशिक्षित डॉक्टरांनी हळूहळू वाढविलेल्या मात्रेने श्वास बंद पडत नाही. या दोन भीतींनीच अनेकांची वेदना कायम ठेवली आहे.

तिसरी भीती कायद्याची होती. मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तरप्रदेशात केंद्र शासनाच्या परवान्याने अफू पिकते. नीमच व गाझीपूर येथे तिच्यावर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने आहेत. असे असूनही गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ लागू झाल्यानंतर देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर वर्षाला सुमारे ६०० किलोग्रॅमवरून १९९७ पर्यंत अवघ्या १८ किलोग्रॅमवर आला. एकाच औषधासाठी वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने, प्रत्येकाची वेगळी मुदत, आणि चूक झाल्यास किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद. औषध दुकानांनी व रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. एका पिढीचे डॉक्टर मॉर्फिनची गोळी हाती न घेताच पदवीधर झाले, हे यातील सर्वांत दीर्घ नुकसान होय. २०१४ मध्ये अधिनियमात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही सहा औषधे 'अत्यावश्यक' ठरविण्यात आली आणि त्यांच्यासाठी देशभर एकच नियमावली आली. आता राज्याच्या औषध नियंत्रकांनी मान्यता दिलेली आणि प्रशिक्षित डॉक्टर असलेली संस्था मॉर्फिन ठेवू शकते. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. म्हणजे ग्रामीण रुग्णालयात मॉर्फिन ठेवण्यासाठी मुख्य गरज उरते ती प्रशिक्षण घेण्यास तयार असलेल्या एका वैद्यकीय अधिकाऱ्याची आणि नोंदवही नीट ठेवणाऱ्या एका औषधनिर्मात्याची.

जखम आणि घर

तंबाखू, मिश्री व गुटखा यांच्या सवयींमुळे आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ. गालाला किंवा मानेला फुटलेली जखम हा त्यांच्या अखेरच्या महिन्यांतील सर्वांत मोठा त्रास, आणि तिच्यात वेदनेपेक्षा वासाचा वाटा मोठा. वासामुळे ताट वेगळे होते, मग खाट ओट्यावर जाते, मग नातवंडांना जवळ येऊ देत नाहीत. शरीराने जिवंत असलेला माणूस घरातून आधीच वजा होतो.

हा वास बहुतांशी प्राणवायूशिवाय वाढणाऱ्या जंतूंमुळे येतो, आणि त्यावरचा उपाय स्वस्त आहे. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची बारीक पूड जखमेवर पसरली असता थोड्याच दिवसांत वास पुष्कळ उतरतो. जखम धुण्यासाठी महागडे द्रावण लागत नाही. उकळून निवविलेल्या अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक चमचा मीठ पुरते. ड्रेसिंगसाठी जुन्या सुती साडीच्या किंवा धोतराच्या घड्या डब्यात घालून प्रेशर कुकरमध्ये वाफवल्या की काम भागते. चिकटलेली पट्टी कोरडी ओढू नये. मीठपाण्याने भिजवून सोडवावी, नाहीतर रक्तस्राव होतो. जखमेत अळ्या झाल्या तर त्या टर्पेंटाइनने बाहेर काढता येतात, परंतु हे काम परिचारिकेने करावे. मोठ्या रक्तस्रावाची शक्यता असेल तेव्हा घरात गडद रंगाची चादर किंवा टॉवेल तयार ठेवण्यास सांगतात. पांढऱ्या कपड्यावरील रक्त पाहून रुग्ण आणि घर दोन्ही भेदरतात. गडद कापड ती भीती निम्मी करते.

यातील एकाही गोष्टीला अतिविशेष रुग्णालय लागत नाही. लागते ते सुनेला किंवा पत्नीला अर्धा तास समोर बसवून शिकविणारे माणूस. ही शिकवण केमोथेरपीच्या पहिल्या फेरीतच मिळाली तर जखम लहान असतानाच हात सरावतो. शेवटच्या दिवशी डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी लिहून ती देता येत नाही.

सांगावे की न सांगावे

'आजोबांना काही सांगू नका, ते खचतील' ही विनंती आपल्या डॉक्टरांना नित्याची आहे. तिच्यामागे प्रेमच असते. परंतु ज्याच्या शरीरात रोग वाढतो आहे त्याला तो बहुधा कळलेला असतो. फक्त त्याविषयी बोलायला घरात कोणी उरत नाही. दोन्ही बाजू एकमेकांपासून तीच गोष्ट लपवीत राहतात. दरम्यान सातबाऱ्यावरील नावे, सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, भावाशी तुटलेले बोलणे हे सारे तसेच राहते. द्राक्षबाग गहाण टाकून घेतलेल्या उपचाराने किती काळ मिळण्याची शक्यता आहे, हे विचारण्याचा पहिला अधिकार बागेच्या मालकाचा असतो, आणि नेमक्या त्यालाच तो नाकारला जातो. सर्व सत्य एका बैठकीत डोक्यात घालावे, असा याचा अर्थ नाही. 'तुम्हाला आजाराबद्दल काय वाटतं?' आणि 'किती जाणून घ्यायचं आहे?' हे दोन प्रश्न विचारून रुग्ण जितका पुढे येईल तितकेच पुढे जाणे, ही शिकता येण्याजोगी पद्धत आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उपशामक सेवा म्हणजे दयामरण नव्हे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातील २०११ चा आणि त्यानंतर वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता देणारा २०१८ चा, असे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय, तसेच इच्छापत्राची प्रक्रिया सुलभ करणारा २०२३ चा आदेश, हे कृत्रिम जीवरक्षक उपाय नाकारण्याविषयी आहेत. उपशामक सेवा मृत्यू जवळ आणीत नाही आणि ताणीतही नाही.

दिंडोरीतील जोडणी

धोरणांची उणीव नाही. केंद्राचा राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम २०१२ मध्ये आखला गेला. केरळने २००८ मध्ये उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले आणि त्यानंतर २०१२ मध्ये महाराष्ट्राने. २०१८ पासून उभारण्यात आलेल्या आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या सेवांमध्ये वृद्धांची व उपशामक सेवा समाविष्ट आहे. शेजारच्या जव्हारच्या कुटीर रुग्णालयात २०१० नंतरच्या काळात मुलांसाठी उपशामक सेवेचा प्रकल्प राबविला गेला. आदिवासी भागात हे काम होऊ शकते, याचे उदाहरण त्यामुळे फार दूर शोधावे लागत नाही.

केरळचे उदाहरण नेहमी दिले जाते व ते योग्यच आहे. १९९३ मध्ये कोझिकोड येथे डॉ. एम. आर. राजगोपाल व डॉ. सुरेश कुमार यांनी सुरू केलेल्या कामातून पुढे शेजाऱ्यांच्या जाळ्यावर उभी राहिलेली चळवळ झाली आणि पंचायतींनी तिचा भार उचलला. परंतु केरळची वस्ती दाट व सलग आहे. दिंडोरीच्या पूर्वेकडील बागायती गावे आणि पश्चिमेकडील डोंगराळ पाडे हे जणू दोन तालुके आहेत. बागायती भागात ऑक्टोबरची छाटणी आणि जानेवारी ते एप्रिलची तोड या काळात घरात दुपारी कोणी नसते. पेठ-सुरगाण्याकडून मजूर याच काळात येतात आणि पाड्यांवर मागे म्हातारी माणसे उरतात. परिचारिकेच्या भेटींचे वेळापत्रक या हंगामाकडे पाहून करावे लागेल. केरळचा नमुना जसाच्या तसा येथे रुजणार नाही.

जोडणीचा खरा सांधा कागदाचा आहे. शहरातील रुग्णालयाने निदानाच्या वेळीच रुग्णाच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला एक पत्र द्यावे: रोग कोणता, पसरला आहे किंवा नाही, कोणते उपचार कोणत्या उद्देशाने चालू आहेत, रुग्णाला काय सांगितले आहे, सध्याची वेदना किती, औषधे कोणती, आणि अडचण आल्यास कोणाला फोन करावा. आशा कार्यकर्तीने महिन्यातून एकदा या घरी जावे. असे झाले तर 'घरी न्या' हे वाक्य उच्चारले जाण्याच्या कितीतरी आधी घर आणि आरोग्य केंद्र एकमेकांना ओळखत असेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना शस्त्रक्रिया, केमोथेरपी अशा मोजता येणाऱ्या उपचारांभोवती बांधलेल्या आहेत. घरभेट ही त्यांच्या हिशेबात सहज बसणारी बाब नाही, आणि शासनाने सर्वप्रथम सुधारावी अशी तरतूद हीच आहे.

महाविद्यालयांना यात जागा आहे. केरळमध्ये विद्यार्थ्यांचे स्वतंत्र उपशामक सेवा गट काम करतात. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यावयाचे असतात. आठवड्याला दोन तास धरले तर ५२ आठवड्यांचे १०४ तास होतात. सात दिवसांचे निवासी शिबिर या कामाला उपयोगाचे नाही. रुग्णाला तोच चेहरा दर आठवड्याला दिसणे आवश्यक असते. विद्यार्थ्यांनी जखमेला हात लावू नये, औषधे देऊ नयेत, रोगाविषयी सल्ला देऊ नये. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरून तहसील कार्यालयात पोहोचविणे, गोळ्या संपण्यापूर्वी आरोग्य केंद्राला कळविणे, सेवा करणाऱ्या बाईला दोन तास मोकळे करून तिला विहिरीवर, बाजारात किंवा नुसते झोपू देणे, वर्तमानपत्र वाचून दाखविणे ही त्यांची कामे. त्यासाठी प्रशिक्षित परिचारिकेकडून दोन-तीन दिवसांचे शिक्षण द्यावे, रुग्णाची संमती घ्यावी, एका रुग्णाकडे दोनच विद्यार्थी पाठवावेत, आणि रुग्ण दगावल्यानंतर त्या विद्यार्थ्यांशी बोलण्यासाठी एका प्राध्यापकाने वेळ राखून ठेवावा. वार्षिक अहवालासाठी रुग्णाचे छायाचित्र काढू नये.